रेणू तुटतानाचा ‘लाइव्ह व्हिडिओ’? जरा थांबा

‘इलेक्ट्रॉन कॅमेऱ्याने एका रेणूचं तुटणं लाइव्ह टिपलं, अणू प्रत्यक्ष दिसले!’ अशा मजकुरासोबत एक रंगीत क्लिप फॉरवर्ड होत असते. मूळ प्रयोग खरा आहे. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत सायक्लोहेक्झाडाईन या रेणूतलं सहा कार्बनचं कडं अतिनील लेसरने उघडताना अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तनाने, म्हणजे रेणूंतून विखुरलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर जी आकृती उमटवतात तिच्यावरून रचना ओळखण्याच्या पद्धतीने, अभ्यासलं गेलं. निष्कर्ष २०१९ साली आले. उन्हात आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होताना याच जातीची क्रिया घडते. पण मजकुरातला एकेक शब्द तपासू.

‘एका रेणूचं’? नाही. निर्वात पेटीत वायूचा फवारा सोडलेला असतो आणि प्रत्येक स्पंदात (लेसरच्या वा इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक झोतात) असंख्य रेणू सापडतात. पुढच्या स्पंदाला समोर नवेच रेणू. हजारो लग्नांतून एकेक फोटो उचलून एकाच लग्नाचा अल्बम लावावा, तसा हा ‘व्हिडिओ’ जुळवलेला असतो.

‘लाइव्ह’? फेम्टोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात, उघडझाप करणारा कॅमेराच अस्तित्वात नाही. इथली युक्ती मला तर क्लिपपेक्षा जास्त आवडते. एकाच लेसर स्पंदाचे दोन भाग करतात. एक रेणूंवर पडतो, दुसरा धातूच्या पृष्ठभागावर आदळून इलेक्ट्रॉन उडवतो, आणि ते रेणूंमधून जाऊन पडद्यावर पडतात. एका भागाच्या वाटेतला आरसा १५ मायक्रॉन मागे सरकवला की जाऊन-येऊन प्रकाशाची वाट ३० मायक्रॉनने वाढते, म्हणजे १०० फेम्टोसेकंदांचा उशीर. घड्याळ म्हणजे हा आरसा! तो थोडाथोडा सरकवत दर टप्प्याला हजारो स्पंदांची बेरीज करायची.

‘अणू दिसले’? पडद्यावर उमटतात ती फिकट वर्तुळं. वायूतले रेणू वाटेल तसे वळलेले असल्याने त्यांतून मुख्यतः अणूंच्या जोड्यांमधली अंतरं निघतात. कडं उघडलं की जवळ असलेल्या जोड्यांची संख्या घटते आणि कड्यात बसूच शकणार नाहीत इतकी लांब अंतरं उगवतात. क्लिपमधले रंगीत गोळे संगणकाचे. मापनाशी ताडून पाहिलेले, पण संगणकाचेच.

यावर कमेंटमध्ये दुसरं टोक हमखास येतं: ‘म्हणजे सगळा बनावच!’ तेही खोटं. २००३ साली टोरांटोत २० नॅनोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यावर लेसर मारला, तेव्हा स्फटिकाची रेखीव वर्तुळं साडेतीन पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) मावळली आणि द्रवाची धूसर कडी उरली. ते बघायला ॲनिमेशन लागत नाही. पापुद्रा वितळून जात असल्याने दर शॉटला नवी जागा समोर आणावी लागे, हे कष्ट वेगळेच.

सरासरीचा खरा तोटा क्लिपमध्ये लपतो. सायक्लोहेक्झाडाईनचे सगळेच उत्तेजित रेणू उघडत नाहीत. बरेच पुन्हा कडं होऊन बसतात. पडद्यावर दोघांच्याही खुणा एकमेकींत मिसळून येतात आणि त्या वेगळ्या काढायला पुन्हा गणिताचाच आधार घ्यावा लागतो.