‘जावा संपली, फक्त पायथन शिका’ हे खरं नाही

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या मराठी ग्रुपवर आठवड्याभरात एकच मेसेज तीनदा फिरला. कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल: जावा संपली, सी शिकवणारी कॉलेजं मुलांची वर्षं वाया घालवतात, फक्त पायथन शिका, सहा महिन्यांत नोकरी पक्की. तो वाचून दोन काकू मुलांचा जावाचा क्लास बंद करायला निघाल्यात, म्हणून हे लिहितोय.

जावा 1995 सालची, हे खरं. पण म्हणून ती संपली कशी? तिची 21वी आवृत्ती सप्टेंबर 2023 मध्ये आली. बँका, विमा कंपन्या यांचे रोजचे व्यवहार आजही मोठ्या प्रमाणात जावावर चालतात, आणि चालता गाडा कुणी उगाच मोडत नाही. कोबोल तर 1959 ची. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या धामधुमीत, अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जुन्या सरकारी सिस्टिमसाठी कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं. आपल्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत. अशा कंपन्यांत नव्या मुलाच्या वाट्याला बरेचदा ग्राहकाची आधीपासून चालू असलेली सिस्टिमच येते.

सी शिकणं वाया जातं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आपण सर्रास वापरतो तो पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रामच, सीमध्ये लिहिलेला आहे. डेटाच्या कामात ज्याच्यावाचून पान हलत नाही त्या नमपाय या पायथनसाठीच्या तयार कोडच्या संचाचा गाभाही सीचाच. बरं, हे नुसतं वंशावळीपुरतं नाही. समजा दहा लाख मोबाइल नंबर पायथनच्या लिस्टमध्ये, म्हणजे एकामागे एक, ठेवलेत आणि एखादा नंबर त्यात आहे का ते बघायचंय. पायथन एकेक नंबर ताडत जातो. तेच नंबर सेट या दुसऱ्या प्रकारच्या साठ्यात ठेवले, तर हॅशवरून, म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेल्या जागेच्या खुणेवरून, तो बहुतेक वेळा थेट जागेवरच पोहोचतो. लिहिताना दोन्हीकडे ओळ तीच, ‘यात आहे का’ विचारणारी ‘इन’वाली. पण असं एक लाख वेळा शोधायचं झालं, तर पहिला प्रोग्राम रखडतो आणि दुसरा चटकन संपतो. मेमरीत काय कुठे पडलंय हे ज्याने सीमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि मेमरीत सलग मांडलेल्या नोंदींचे अ‍ॅरे हाताळून पाहिलंय, त्याला हा फरक सांगावा लागत नाही. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

फक्त पायथन? डेटा आणि एआयसाठी पायथन हवीच, आणि पहिली भाषा म्हणूनही ती चांगली. पण ब्राउझरमधलं काम जावास्क्रिप्टचं, आणि अँड्रॉइडसाठी गूगलने 2019 पासून कोटलिनला पहिलं स्थान दिलंय. आणि मेसेजात डेटाबेसमधली माहिती काढायच्या एसक्यूएलचं नावसुद्धा नाही! 1970 च्या दशकातली ही भाषा जवळपास प्रत्येक नोकरीत लागते, मग वरची भाषा कुठलीही असो.

सहा महिन्यांत व्याकरण येतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक शोधणं त्याहून सावकाश येतं, आणि पगार त्याचा मिळतो. एक भाषा अशी मुरली की दुसरी पटकन येते.

म्हणून काकू, क्लास बंद करण्याआधी मुलाला शेजारी बसवून, तो खरंच अर्ज करेल अशा फ्रेशरच्या वीस जाहिराती उघडा. प्रत्येकीत कोणत्या भाषा मागितल्यात ते वहीत लिहा. जावा अर्धी झाली असेल तर पूर्ण होऊ द्या. पायथन दिवाळीच्या सुट्टीत सुरू करता येईल, आणि एसक्यूएल आजपासून.