कर्व्यांचं मुरुड जंजिऱ्याचं नव्हे

दर १८ एप्रिलला, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जयंतीला, सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. वर जंजिरा किल्ल्याचा फोटो आणि खाली तीन विधानं: अण्णांचा जन्म मुरुड-जंजिऱ्याचा, तिथल्या प्रसिद्ध बीचजवळच त्यांचं घर, आणि त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. तिन्ही चूक आहेत. शाळेतली पोरं हाच मजकूर पाठ करून भाषणं करतात, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी जन्म. तो कुठल्याच मुरुडात झाला नाही. १८५८ साली अण्णा जन्मले ते आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. मुरुड हे त्यांचं मूळ गाव, बालपण तिथे गेलं.

पण ते मुरुड दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं, जिल्हा रत्नागिरी. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, मध्ये बाणकोटची खाडी आणि श्रीवर्धनचा अख्खा किनारा. अण्णांच्या लहानपणी तर राज्यही वेगळं होतं: तिकडे सिद्दीचं संस्थान, इकडे इंग्रजी अंमल. दोन्ही गावांना सुंदर किनारा आहे, दोन्हीकडे पर्यटकांची गर्दी असते, गोंधळ त्यातूनच झाला. (आपल्याकडचे काहीजण बार्शी-लातूर रस्त्यावरचं मुरुड सांगतात. ते लातूर जिल्ह्यातलं, त्याचा इथे काहीच संबंध नाही.)

'जिल्हा चुकला तर एवढं काय बिघडलं?' असं विचारणारेही भेटतात. बिघडतं. याच दापोलीच्या मुरुडातून पोरसवदा धोंडू परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. गावच चुकीचं सांगितलं, तर ही पायपीट कुठून कुठे झाली हे पोरांना कसं कळणार?

तिसरं विधान मात्र नुसती चूक नाही, अन्याय आहे. १८९३ साली पुण्यात अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्यानंतर दोघं मुरुडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. यांना घरात ठेवून घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, इथवर गोष्ट गेली. पोटच्या मुलाला आणि सुनेला आईने राहा म्हणायची सोय उरली नाही. आणि हा माणूस कोण? गावच्या कामांसाठी मुंबईतल्या मुरुडकरांकडून पैसे गोळा करून 'मुरुड फंड' उभा करणारा. तरीही अण्णा मागे हटले नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न दिलं. सुरुवातीपासून गाव पाठीशी होतं असं लिहिणं म्हणजे अण्णा आणि गोदूबाई या दोघांनी सोसलेलं पुसून टाकणं. अशा मजकुराला हात जोडलेले इमोजी टाकून तो पुढे ढकलू नका.

सुट्टीत सोलापुराहून अण्णांचं गाव बघायला निघणाऱ्यांनी गाडीवाल्याला 'दापोलीचं मुरुड' असंच सांगावं. फोनच्या नकाशातही तालुका बघूनच गाव निवडा, नाहीतर भलत्याच मुरुडाला पोहोचाल.