एक तिरकी रेघ

गणपतीत आमच्या वाडीत डबलबारी झाली. दोन भजनी बुवांचा सामना: पखवाज, गजर आणि पहाटेपर्यंत एकमेकांना काढलेले चिमटे. ते सगळं मी रेकॉर्ड केलं, ही माझी दुसरी चूक. पहिली म्हणजे, आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं मी पूर्वी कधीतरी चारचौघांत बोललो होतो.

चाकरमान्यांची परतीची गाडी संध्याकाळी, कुडाळहून. सकाळी माझ्या पडवीत बारा पेनड्राइव्ह येऊन पडले. भजन सात जीबी. एकेक पेनड्राइव्ह भरायचा तर अर्धा-अर्धा तास, म्हणजे सहा तास. तेही मध्ये लाईट गेली नाही तर. म्हटलं, मावतील तेवढे एकदमच भरू. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि लिनक्सवर आरसिंक नावाचा प्रोग्रॅम. 1996 साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी काढलेला, फुकट आणि मुक्त. मुळात जे आहे तेच दुसरीकडे नेऊन ठेवायचं, बदललं असेल तेवढंच न्यायचं, एवढंच त्याचं काम. लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हमागे एक आरसिंक सोडून दिला.

आता हब, म्हणजे एका पोर्टात अनेक पेनड्राइव्ह लावायचं साधन. सात तोंडांचा, अ‍ॅडाप्टर नसलेला. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टातून वीज मिळते 500 मिलिअँपिअर. एका पेल्यातली सोलकढी सात जणांच्या पंगतीला वाढल्यावर दुसरं काय होणार? दर पाच मिनिटांनी एखादा पेनड्राइव्ह मान टाकायचा. शिवाय वाट सगळ्यांची एकच, त्यामुळे वेग म्हणजे चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा मुंबई-गोवा हायवे.

त्यात अकरा पेनड्राइव्ह एकाच दुकानातले, सगळ्यांचं नाव 'यूएसबी डिस्क'. आमच्या वाडीत चार बाळू आहेत: वरचा, खालचा, माडाकडचा आणि नुसता बाळू. लिनक्सही तेच करतं, नावापुढे 1, 2, 3 लावत जातं. पण वीज कमी पडून पडलेला बाळू परत आला, की तोच नंबर घेऊन येईल याचा भरवसा नाही.

बारावा पेनड्राइव्ह शेजारच्या काकूंचा. देताना म्हणाल्या होत्या, "आत थोडे फोटो असत हां." मी मान हलवली. माझं लक्ष आरसिंकला द्यायच्या आज्ञेत होतं. आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली नाही, तर फोल्डर जसाच्या तसा आत जातो. दिली, तर फक्त आतला माल जातो. नीटनेटकं दिसावं म्हणून मी रेघ दिली. शिवाय जुनी अर्धवट भजनं साफ व्हावीत म्हणून, मुळात नाही ते पुसून टाकणारं 'डिलीट'ही लावलं. रेघ नसती, तर डिलीटचा झाडू फक्त भजनाच्या फोल्डरात फिरला असता. रेघेमुळे तो अख्ख्या पेनड्राइव्हवर फिरला. आधी रंगीत तालीम करायला '-एन' नावाची सोय आहे. पण मी रंगीत तालमीला गेलोय कधी?

"रे झिला, माज्या नातवाच्या मुंजीचे फोटो खंय गेले?"

काकूंचा आवाज चढला, तसा माझा घसा कोरडा पडला. सुदैवाने पुसलेली फाइल लगेच मरत नाही, फक्त तिची जागा मोकळी आहे असं लिहिलं जातं. त्या सगळ्या जागेवर भजन चढायच्या आत पेनड्राइव्ह काढला आणि पुसलेल्या फाइल परत काढणारं फोटोरेक चालवलं. तेही मुक्त आणि फुकट. दोन तासांनी मुंडण वाचलं, भिक्षावळ मात्र भजनाखाली गेली. फोटोंची नावंही गेली. सगळ्यांना नुसते आकडे.

पण फोटोरेक कोणी काय, कधी आणि का पुसलं हे विचारत नाही, सापडेल ते वर काढतं. काकूंना म्हटलं, तुम्हीच बसून ओळखा. काकू चष्मा लावून बसल्या. बटू, बटू, मामा, बटू, आणि मग मालवणच्या कुठल्याशा खानावळीत तळलेल्या सुरमईपुढे हसणारे काका. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. काकूंनी उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं.

ऐन श्रावणातली तारीख होती. काका त्या संध्याकाळी चाकरमान्यांना सोडायला म्हणून स्टेशनवर गेले, ते बऱ्याच उशिरा परतले.