दोन भाषांमुळे कुणी तोतरं होत नाही

आमच्या बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सीमाभागातली मुलं घरात मराठी, गल्लीत कन्नड ऐकून गोंधळतात आणि तोतरी होतात, पाच वर्षांपर्यंत एकच भाषा बोला, जिभेवर वेखंड चोळा, तोतरेपणा म्हणजे नुसता घाबरटपणा आहे, म्हणून मूल अडखळलं की लगेच टोका, शब्द पुरवा. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून अडखळत बोलतो. हे वाचून मला गप्प बसवेना.

आधी भाषेचं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही गल्लीत उभे राहा. भाजीवालीशी कन्नड, शेजारणीशी मराठी, शाळेत इंग्रजी. दोन भाषांनी जीभ अडली असती तर अख्खा जिल्हा अडखळला असता. प्रौढांमध्ये तोतरेपणाचं प्रमाण शंभरात साधारण एक आहे, आणि एकच भाषा बोलणाऱ्या मुलखांतही तोतरी माणसं आहेतच. सुरुवात बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते. त्याच वयात मूल दुसरी भाषा उचलत असतं, म्हणून दोष तिच्यावर जातो. खरं तर बोलण्याच्या हालचालींची वेळ मेंदू कशी जुळवतो, तिथे हा फरक असतो आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. 2010 साली तोतरेपणाशी जोडलेले तीन जनुकांतले बदल शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. कन्नड बोलणाऱ्या आजीपासून नातवाला तोडून यातलं काहीच बदलणार नाही; आजी मात्र दुरावेल.

वेखंडाचं एवढंच सांगते की जिभेत दोष नसतो, त्यामुळे ती चोळून उपयोग नाही. वर ते जास्त पोटात गेलं तर लेकराला उलट्या होतात.

‘घाबरटपणा’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. गणपतीत माझा भाऊ सगळ्यांबरोबर आरती म्हणतो, एकदाही अडकत नाही. गाताना, अनेकांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना बहुतेक तोतऱ्या माणसांचं असंच होतं. आमच्या नातेवाइकांनी त्यावरून निष्कर्ष काढला, “आरतीला बरं जमतंय, मग आताच काय नाटक करायलास?” भीती येते ती अशा बोलण्यानं, नंतर. आमचं गाव संकेश्वर. बेळगावहून घरी येताना कंडक्टर “एल्लिगे?” (कुठे जायचं?) विचारायचा आणि भावाचा ‘सं’ घशातच अडायचा. मागचे लोक माना वळवून बघायचे. मग तो निपाणीचं तिकीट काढायचा, जास्तीचे पैसे भरायचा आणि संकेश्वरला उतरायचा. कित्येक वर्षं. आम्हाला घरात पत्ताही नव्हता.

आता टोकण्याबद्दल. “सावकाश बोल की”, “श्वास घे बघू” हे आपण मायेनं म्हणतो, मीही म्हटलंय. पण त्यामुळे समोरच्याचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून निघून जिभेवर जातं. शब्द पुरवणं तर त्याहून वाईट. भावाला ‘बटाटे’ म्हणायचं असायचं, दुकानदार ‘बिस्किटं?’ विचारायचा आणि हा वादात न पडता बिस्किटं घेऊन यायचा. त्याला हवं असतं ते एवढंच: थांबा, नेहमीसारखं त्याच्याकडे बघा, तो काय म्हणतोय त्याला उत्तर द्या.

तीन-चार वर्षांचं मूल अडखळत असेल तर त्यातली बरीच मुलं आपोआप सुधारतात हे खरं. पण कुणाचं सुटेल आणि कुणाचं राहील हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून काही महिने तसंच चाललं, किंवा मूल बोलायचंच टाळायला लागलं, तर वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. आपल्याच राज्यात म्हैसूरला 1965 पासून वाचा आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जाताना घरातली कुठलीच भाषा बंद करायची गरज नाही.

आणि फोन उचलल्यावर पलीकडून दोन-चार सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर “हॅलो, हॅलो” करून लगेच ठेवू नका. माझ्या भावाचे कितीतरी फोन असेच, नाव सांगण्याआधी कट झालेत.