रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच

लेखाखाली एका ताईंनी विचारलंय, टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) नॉर्मल आलं, आता थायरॉईडची गोळी बंद करू का? ताई, कृपा करून स्वतःच्या मनाने करू नका. माझ्या आईने नेमकं हेच केलं. पहिले दोन-तीन आठवडे काहीच जाणवलं नाही, कारण हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात. तिला वाटलं, सुटले एकदाची. मग चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर मे महिन्यात शाल पांघरून बसायची. आम्ही सगळं वयावर ढकलत राहिलो, याचं आजही फार वाईट वाटतं. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा टीएसएच 60 च्या वर गेलं होतं.

बाळंतपणानंतर सुरू झालेला थायरॉईडचा त्रास मात्र पुष्कळदा वर्षभरात बरा होतो. तिथे डॉक्टर स्वतःच डोस कमी करून बघतात आणि 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तुमचं कारण कोणतं, हे आधी त्यांना विचारा. आणि दिवस गेले असतील तर गोळी अजिबात थांबवू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. तेव्हा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो.