'सोफिया'बद्दल फिरणारा मजकूर : थोडा खुलासा

बाळाच्या नावांच्या गटांतून एक मजकूर फिरतोय : 'सोफिया म्हणजे पवित्र, या नावाच्या संत स्त्रीसाठीच इस्तंबूलची हागिया सोफिया बांधली.' दोन्ही विधानं चुकीची आहेत.

ग्रीकमध्ये 'सोफिया' म्हणजे प्रज्ञा, शहाणपण. 'फिलॉसॉफी'तला दुसरा अर्धा भाग तोच. 'पवित्र' हा अर्थ बहुधा अरबी 'सफिया'वरून चिकटला असावा. ऐकायला जवळची असली तरी ही दोन वेगळी नावं.

आता वास्तूचं. सम्राट जस्टिनियननं बांधवलेलं ते चर्च इ. स. ५३७ मध्ये पूर्ण झालं, आणि ते ईश्वरी प्रज्ञेला अर्पण केलेलं होतं, कुणा बाईला नव्हे. घोळ होतो तो 'हागिया'मुळे. ग्रीकमध्ये हे 'पवित्र'चं स्त्रीलिंगी रूप, आणि संत स्त्रीच्या नावाआधीही तेच लागतं. आपल्याकडे 'प्रज्ञा' हा शब्द गुणही आणि शेजारच्या मुलीचं नावही, तसंच काहीसं.

संत सोफिया परंपरेत आहे, हे मात्र खरं. तिच्या तीन मुली : पिस्तिस, एल्पिस, अगापी. म्हणजे श्रद्धा, आशा, प्रेम! आईचं नाव प्रज्ञा. (बारशाला आत्याची पंचाईत नको.) ग्रीसमध्ये १७ सप्टेंबरला या चौघींचा नामदिन (म्हणजे ही नावं असणाऱ्यांचा सण) असतो, आणि सोफिया तिथं आजही घरोघरचं नाव आहे. उच्चारताना जोर शेवटच्या 'या'वर नाही, 'फी'वर : सोफीआ.

'हल्लीचं फॅशनेबल अमेरिकन नाव' हेही अर्धवटच. अमेरिकेत २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं ते मुलींच्या नावांत पहिलं होतं, पण जन्म ग्रीकच.