अळी मृत्यूचा तास सांगत नाही

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहात गेला आठवडाभर एक संदेश फिरतो आहे आणि तोच मला बेलापूरच्या आतेभावाकडूनही आला. ‘सीएसआय’ या अमेरिकी मालिकेतील एका भागाचा दाखला देऊन त्यात म्हटले आहे की, प्रेतावरची अळी पाहून तज्ज्ञ मृत्यूची वेळ तासाच्या हिशोबात सांगतात. आपल्याकडच्या दमट हवेत माश्या लगेच येत असल्याने ठाण्यात हे गणित अधिकच अचूक ठरते. ही पद्धत अमेरिकेने शोधली. आणि एवढा पक्का पुरावा हाती असताना आपले पोलीस अजून शवविच्छेदनावर विसंबतात.

पहिला दावा त्याच भागाने खोडून काढला आहे, हे संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. पहिल्या पर्वातील त्या भागात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले एका स्त्रीचे प्रेत सापडते आणि कीटकांवरून निघालेला काळ इतर पुराव्याशी जुळत नाही. तेव्हा ग्रिसम हा तपासनीस डुकराचे शव तसेच गुंडाळून उघड्यावर ठेवतो आणि माश्या किती उशिरा आत पोहोचतात ते पाहतो. (डुक्कर ही मालिकेची कल्पना नव्हे, प्रत्यक्ष संशोधनातही माणसाच्या जागी तेच वापरतात.) म्हणजे अळीचे वय आणि मृत्यूनंतरचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अळी सांगते ती माशीने अंडी घातल्याची वेळ, आणि त्यावरून मृत्यू निदान किती आधी झाला असावा एवढेच म्हणता येते. हिरव्या-निळ्या चमकदार माश्या सहसा रात्री अंडी घालत नाहीत, त्यामुळे रात्री नऊला मृत्यू झाला असेल तर सकाळपर्यंतचे तास हिशोबात येतच नाहीत. दुसऱ्या एका कुळातील माश्या अंडी न घालता थेट जिवंत अळ्या सोडतात, म्हणून जात ओळखल्याशिवाय वय काढणे चुकीचे. उलट, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जखमेत तो जिवंत असतानाच अळ्या झालेल्या असतील, तर ‘निदान इतका काळ’ हे विधानही कोसळते.

दुसरा दावा मला अधिक घातक वाटतो, कारण तो वरवर पटतो. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात माश्या घोंघावताना आपण सारेच पाहतो. पण अकराव्या मजल्यावरचा, जाळी लावलेला आणि एसी चालू असलेला फ्लॅट म्हणजे मासळी बाजार नव्हे, आणि जुलैच्या मुसळधार पावसात माश्या फारशा उडतही नाहीत. शिवाय अळीची वाढ तापमानावर चालते. समजा, एका जातीची वाढ दहा अंशांखाली थांबते आणि ३० अंशांना एका टप्प्यापर्यंत पोहोचायला तिला ६० तास लागतात. तर २२ अंशांच्या खोलीत त्याच टप्प्याला सुमारे १०० तास लागतील. अळी एकच, पण एसी किती अंशांवर होता आणि कधी बंद झाला हे ठाऊक नसेल, तर उत्तरात ४० तासांची तफावत पडते. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आकडा बंद खोलीला लावता येत नाही, आणि अळ्यांचा मोठा घोळका स्वतःच उष्णता निर्माण करतो, ती वेगळीच. उष्ण हवेत वाढ झपाट्याने होते हे खरे. पण वेग म्हणजे अचूकता नव्हे.

तिसऱ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सी यांनी १२४७ साली लिहून ठेवलेल्या प्रकरणात गावातले सगळे विळे जमिनीवर मांडले जातात, ज्या विळ्यावर रक्ताचे अंश होते त्यावरच माश्या बसतात आणि त्याचा मालक गुन्हा कबूल करतो. त्या वेळी अमेरिका नावाचा देशच नव्हता.

राहिला शवविच्छेदनाचा मुद्दा. पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीराचे तापमान, ताठरपणा आणि त्वचेवर साकळलेल्या रक्ताचे डाग हीच अधिक उपयोगी चिन्हे असतात; ती पुसट झाल्यावर कीटकांची खरी मदत होते. कित्येक आठवड्यांनी शव सुकले की सुक्या मासळीला लागतात त्याच कुळातले भुंगेरे येतात, आणि तेव्हा तर तासांची भाषाच निरर्थक ठरते. कीटकांचे नमुने घेणेही सोपे नाही: काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत ठेवून त्यांची माशी होईपर्यंत वाढवायच्या आणि घटनास्थळाचे तापमान पुढे काही दिवस नोंदवायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. तो तज्ज्ञ न्यायालयात जे सांगेल, ते मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ‘मत’ म्हणूनच नोंदले जाईल, आणि बचाव पक्षाचा वकील त्याला सर्वप्रथम खोलीच्या तापमानाबद्दलच विचारील.